आधी सही, मग चहा

वीस वर्षं मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये माल नापास करायची नोकरी केली. हसू नका, खरंच तेच काम होतं. मशीनवरून उतरलेला प्रत्येक शाफ्ट माझ्या टेबलावर यायचा, मी गेज लावायचे, आणि केसभर फरक दिसला की लाल टॅग बांधून लाल पेटीत टाकायचे. ऑपरेटर यायचे गयावया करत, "मॅडम, जाऊ द्या ना, एवढ्यानं काय होतंय?" मी म्हणायचे, "एवढ्यानंच होतं." पाठीमागे ते मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं, आणि मला त्याची लाज नव्हती. उलट छाती वर करून फिरायचे मी त्या शॉपफ्लोअरवर.

मग कंपनी चाकणला गेली. रोज तीन तास बसमध्ये घालवायचे आणि तिथे जाऊन पुन्हा उभं राहायचं, हे मला जमणारं नव्हतं. हिशेब घेतला आणि घरी बसले. घरी बसले म्हणजे चऱ्होलीला, सासरच्या तीस गुंठ्यांवर. तिन्ही बाजूंनी टॉवर, मधे आमची काळी जमीन. एजंट दर आठवड्याला यायचे. नवरा म्हणाला, "अगं, देऊन टाकू, बसून खाऊ." मी म्हटलं, "अहो, मला बसून खायची सवय नाही. मी करते शेती." त्यानं कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. त्याला माहीत होतं, अडवून उपयोग नाही.

त्याच सुमारास कृषी खात्याचा एक तरुण साहेब गावात आला. सेंद्रिय शेतीची सरकारी योजना होती. सात-आठ शेतकऱ्यांनी गट करायचा, रासायनिक खत-औषध पूर्ण बंद करायचं, आणि सरकार गटाला बियाणं, साहित्य, प्रशिक्षण यासाठी निधी देणार. पहिलं वर्ष सरावाचं, पुढची दोन वर्षं मोजायची. दोन्ही वर्षं शेत स्वच्छ निघालं तर दाखला. पुरुषांनी ऐकलं आणि उठून गेले. त्यांना जमिनीचा भाव ऐकायची सवय, मेथीचा कोण ऐकणार! आम्ही सात बायका उरलो. त्यात मी, आणि माझी थोरली जाऊ. तिचं शेत माझ्या बांधाला लागून, वीस गुंठे. जाऊबाई चौथी शिकलेली, पण जमिनीतलं असं काही नाही जे तिला कळत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला विळा कसा धरायचा हे तिनं शिकवलं, आणि मी बोट कापून घेतलं तेव्हा हळद लावताना शिव्याही तिनंच घातल्या.

या योजनेत मला सगळ्यात काय आवडलं असेल तर तपासणी. बाहेरून कुणी इन्स्पेक्टर येत नाही. गटातल्या बायकांनीच एकमेकींच्या शेताची तपासणी करायची. तिघींनी जायचं, बांध, विहीर, खताची जागा, अवजारं, सगळं बघायचं, फॉर्म भरायचा, सह्या करायच्या. साहेबांनी हे सांगितलं आणि मी मनात म्हटलं, आता बघा. इथे माझ्याइतकी तयार बाई दुसरी कोण आहे!

पण पहिल्या तपासणीला मी पाहिलं ते भलतंच. आम्ही तिघी एकीच्या घरी गेलो. तिनं पोहे केले होते. मग चहा. मग तिच्या सुनेचं डोहाळजेवण कधी करायचं याची चर्चा. मग पुन्हा चहा. आणि मग फॉर्म काढून तिथेच, सतरंजीवर बसल्या बसल्या, सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा! शेताकडे पाऊल नाही. मी विचारलं तर म्हणतात, "अगं, जिच्या घरचं खाल्लं तिच्या फॉर्मवर काय वाईट लिवायचं?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! बरं, त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. आपल्याकडे दारी आलेल्याला घोटभर चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत, आणि चहा घेतला की जीभ आपोआप मऊ होते.

मी दुसऱ्याच दिवशी बैठक बोलावली आणि नियम केला. तपासणीच्या दिवशी आधी सही, मग चहा. सही होईपर्यंत पाण्याचा ग्लाससुद्धा नाही. कुणी कुणाकडे जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. बायका कुरकुरल्या, पण माझ्यापुढे कुणाचं काही चाललं नाही.

या नियमाचा पहिला फटका जाऊबाईंना बसला. सरावाच्या वर्षाची शेवटची तपासणी. माझ्या चिठ्ठीत तिचं शेत आलं. बघते तर बांधाचं गवत पिवळं पडून जळलेलं. तणनाशक. तिच्या जावयाच्या घरचे पाहुणे यायचे होते, शेत बघायला येतील, वाटेत साप-किरडू नको, म्हणून तिनंच बांधावर फवारा मारला होता. पिकात एक थेंब नव्हता. ती म्हणाली, "अगं बाय, बांधावरच हाय. आन् सरावाचं तर वर्स हाय. एवढ्यानं काय हुतंय?"

मी म्हटलं, "एवढ्यानंच होतं, जाऊबाई." आणि लाल पेनानं लिहिलं, नापास.

सरावाचं वर्ष असल्यामुळे तिला गटातून कुणी काढलं नाही. पण तिच्या मनातून मी गेले. त्या दिवशी तिनं चहा टाकला नाही आणि मीही थांबले नाही. पुढची दोन वर्षं आमच्या दोन दारांमधून एक वाटी गेली नाही की आली नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या गावाला बोलावणं, मला नाही. बैठकीला यायची, कोपऱ्यात बसायची, माझ्याकडे न बघता अंगठ्यानं जमीन उकरत राहायची. मला वाईट वाटत होतं, अगदी खूप वाईट वाटत होतं. पण मी बरोबर आहे याबद्दल मनात तीळभर शंका नव्हती.

आता माझी गंमत ऐका. मोजणीची दोन वर्षं सुरू झाली तेव्हा आम्ही ठरवलं की जीवामृत एकाच ठिकाणी करायचं, माझ्या अंगणात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून आठवडाभर मुरवायचं, मग कॅनमध्ये भरून जिच्या तिच्या शेतात द्यायचं. त्यासाठी मोठे ड्रम हवे होते. योजनेत ड्रमसाठी निधी होता, पण तो वेळेवर येईल तर शपथ. साहेब म्हणाले, "ताई, थोडं थांबा. नवेच ड्रम घ्या, अटीत तसं लिहिलंय, खाण्याच्या वस्तूंना चालतील असे."

मी थांबणारी बाई नाही. आमच्या पट्ट्यात निळा ड्रम कुठल्या घरात नसतो सांगा? पाण्याला निळा ड्रम, धान्याला निळा ड्रम, गच्चीवरच्या कढीपत्त्याला अर्धा कापलेला निळा ड्रम. सगळे कंपन्यांतून भंगारात निघालेले. नवऱ्यानं त्याच्या ओळखीच्या भंगारवाल्याकडून चार आणले. भंगारवाला म्हणाला, साबणाचं पाणी होतं आत. मी तीनदा धुतले, दोन दिवस उन्हात ठेवले, वरून झकास पिवळा रंग मारला आणि गटाचं नाव घातलं. चार महिन्यांनी निधी आला तेव्हा साहेबांना ऐटीत म्हटलं, "तुमचे ड्रमचे पैसे परत पाठवा साहेब. आमचं काम सरकारसाठी थांबत नाही." त्याला वाटलं मी नवेच घेतलेत, तो बिचारा नुसता हसला. सहा बायकांच्या शेतात त्या ड्रममधलं जीवामृत जायला लागलं. जाऊबाई काही न्यायला आली नाही. मीही विचारलं नाही.

दोन वर्षं शेतं अशी पिकली की टॉवरमधले लोक संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून बघायचे. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत रविवारी आमची भाजी तासाभरात संपायची. पण मला खरी ओढ लागली होती ती दुसऱ्याच कामाची. आमच्या शेजारचे टॉवर बांधणाऱ्या मजुरांच्या पत्र्याच्या दोन वस्त्या होत्या आणि तिथे दोन अंगणवाड्या. तिथली सेविका एकदा मला म्हणाली, "ताई, खिचडी मिळते पोरांना, पण पाल्याचं पान दिसत नाही." मी दुसऱ्या दिवशी पालक आणि चुका घेऊन गेले. सेविकेनं चुक्याची भाजी केली. एका चार वर्षांच्या मुलीनं पहिला घास घेतला, आंबट लागला म्हणून डोळे गच्च मिटले, सगळं अंग शहारलं, आणि ताट पुढे करून म्हणाली, "और." मी तिथून घरी आले ती ठरवूनच आले.

साहेबांच्या मागे लागले. त्यानं कुठून कुठून कागद फिरवले आणि एक दिवस फोन आला. पोषण आहाराच्या निधीतून दोन्ही अंगणवाड्यांना आठवड्यातून दोनदा ताजी भाजी मंजूर झाली. घ्यायची आमच्या गटाकडून. अट एकच, दाखला. शेवटची तपासणी पास झाली की पुढच्या सोमवारपासून सुरू. दाखला नाही तर मंजुरी रद्द, आणि पुन्हा कधी मिळेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मी सेविकेला सांगून मोकळी झाले, "सोमवारी मोठं पातेलं काढून ठेवा."

शेवटच्या तपासणीच्या चिठ्ठ्या पडल्या. माझ्या शेतासाठी तीन नावं निघाली, आणि त्यातलं पहिलं जाऊबाईंचं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, येऊ दे. माझ्या शेतात तिला काय सापडणार आहे!

सकाळी नऊला तिघी आल्या. जाऊबाईंच्या हातात फॉर्म. दोन वर्षांनी ती माझ्या अंगणात पाय ठेवत होती.  तिनं तपासणी सुरू केली आणि मी बघतच राहिले. वाफ्यात बसून माती हातात घेऊन वास घेतला. पानं उलटी करून बघितली. विहिरीत डोकावली. फवारणीच्या पंपाचं झाकण काढून आत बोट फिरवलं. मी कंपनीत नव्या पोरींना शिकवायचे ना, अगदी तसं. बाकीच्या दोघी कंटाळल्या. एक म्हणाली, "झालं की हो. ऊन चढलंय. करा सही."

जाऊबाई ड्रमपाशी गेली. पिवळ्या रंगाचा एका जागी पोपडा सुटला होता. तिनं नखानं तो उचलला. खाली कागद. जुनं लेबल, मी न वाचताच रंगाखाली घातलेलं. तिनं आणखी रंग खरवडला, वाकून बघितलं आणि माझ्याकडे वळून दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली.

"हे इंग्रजीत काय लिवलंय गं? तू शिकलेली. वाच."

मी वाकले. अर्धं लेबल गेलेलं होतं, पण जेवढं होतं तेवढं पुरेसं होतं. कूलंट. मशीनवर लोखंड कापताना वरून सोडतात ते तेल. खाली बारीक अक्षरांत, अन्नापासून दूर ठेवा.

 आणि त्याच क्षणी मला आठवलं ते ड्रम धुतानाचं पाणी. पांढरं, दुधासारखं. साबणाला फेस येतो. त्याला फेस नव्हता. कूलंट पाण्यात पडलं की दुधासारखं होतं हे मी वीस वर्षं रोज बघितलं होतं. शाफ्टवरचं ते दूध पुसूनच तर मी गेज लावायचे! मला दिसलं होतं, फक्त मी बघितलं नव्हतं, कारण ड्रम माझे होते, घाई माझी होती आणि साहेबाला तोंडघशी पाडायचं होतं.

"काय लिवलंय?" जाऊबाईंनी पुन्हा विचारलं.

सांगते, त्या क्षणाला माझ्या मनात काय काय आलं. तिथे इंग्रजी वाचता येणारी मी एकटी. "साबण" म्हटलं असतं तर जाऊबाईंनी फॉर्मवर बरोबरची खूण केली असती. ती मला पकडायला आली नव्हती. तिच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून ती विचारत होती, आणि मी जे सांगेन ते ती लिहिणार होती. सोमवारचं पातेलं डोळ्यांपुढे आलं. ती चार वर्षांची मुलगी आली, पुढे केलेलं ताट आलं. आणि मग त्या ताटात काय जाणार तेही आलं.

"कूलंट," मी म्हटलं. "मशीनचं तेल. विषारी असतं. ड्रम चुकीचे आणलेत मी."

त्या दोघींपैकी एक ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. "म्हणजे आमची पण शेतं गेली? सगळ्यांनी हितलंच नेलंय की!" दुसरी जवळ आली, आवाज खाली करून म्हणाली, "हे बघा, धुतलेले होते ना तीनदा? झालं तर. वर रंग मारू. आपण चौघींनाच माहीत. पोरांचं एवढं ठरलेलं काम कशाला घालवायचं? एवढ्यानं काय होतंय?"

 जाऊबाई माझ्याकडे बघत होती. तिनं पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "तूच सांग. काय लिवू?"

"नापास लिहा," मी म्हटलं. 

तिनं फॉर्म ड्रमवरच ठेवला आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं. ना. पा. स. खाली सही केली. बाकीच्या दोघींनाही करायला लावली. मला रडू फुटलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाला लाल टॅग बांधला, पण तो बांधून घेताना कसं होतं ते मला त्या दिवशी कळलं. जाऊबाईंनी पेन बंद केलं, हात पदराला पुसले आणि माझ्या ओसरीवर जाऊन बसली.

"सही झाली न्हवं?" ती म्हणाली. "मग च्या टाक की आता. नियम तुझाच हाय."

मी चहा टाकला. रडत रडतच टाकला, त्यामुळे साखर दोनदा पडली. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तरी सगळा प्यायली. पायरीवर बसलेली ती बाई अजून हळहळत होती, "सातच्या सातही शेतं गेली."

"सात कशी?" जाऊबाई म्हणाली. "माझ्याकडं कुठं आलंय हितलं? मी घरीच करते. गोठ्यातल्या दगडी डोणीत. हिच्या दारात कॅन घेऊन उभं ऱ्हायाचं म्हंजी... न्हाई बाय. मला न्हाई जमलं ते."

आम्ही तिघी तिच्याकडे बघायला लागलो. मला आधी कळेचना की आपण हसावं का रडावं. दोन वर्षं जिच्या रुसव्यानं माझा जीव जळला, त्याच रुसव्यानं एक शेत वाचलं होतं! ज्या शेतावर मी लाल पेनानं नापास लिहिलं होतं, तेवढं एकच.

दुपारी साहेबांना मी स्वतः फोन केला. काही झाकलं नाही, ऐट केली होती तीही सांगितली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई, नव्या ड्रमचा प्रस्ताव पुन्हा पाठवू." दुसऱ्या दिवशी आला, डोण बघितली, जाऊबाईंच्या शेतातली माती आणि पालेभाजी तपासायला घेऊन गेला. अहवाल स्वच्छ आला. दाखला एकटीचा झाला. आमच्या सहा शेतांना पुन्हा मोजणीच्या पहिल्या वर्षापासून सुरुवात. एक बाई गट सोडून गेली, जाताना मला जे बोलायचं ते बोलली, आणि मी ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं ते. मग राहिलेल्यांना मी म्हटलं, "दोन वर्षं म्हणजे काय, अशी निघून जातील. जमीन कुठे पळून चाललीय?" ते मी नुसतं धीर द्यायला म्हटलं नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. ड्रम आता नवे आहेत, सरकारी पैशातले, आणि त्यांचं बिल मी जपून ठेवलंय.

वीस गुंठ्यांवर दोन अंगणवाड्या कशा भागवायच्या हा प्रश्न होता. जाऊबाईंनी तो पाच मिनिटांत सोडवला. ज्वारीचा तुकडा मोडून वाफे वाढवायचे, चुका, पालक, मेथी पाळीपाळीनं टाकायची, आणि हाताखाली आम्ही सगळ्या. मंजुरी टिकली. ठरलेला सोमवार मात्र गेला. सेविकेला तोंड दाखवायला मला जड गेलं. अहवाल आल्यानंतरच्या सोमवारी आम्ही उजाडायला जाऊबाईंच्या शेतात होतो. मी मेथी उपटून जुड्या बांधत होते. बांधलेल्या जुड्या क्रेटमध्ये ठेवायच्या आधी जाऊबाई एकेक हातात घेऊन फिरवून बघत होती. माझी एक जुडी तिनं बाजूला काढून माझ्यापुढे टाकली. आत एक पिवळं पान होतं.

टेम्पो रस्त्यावर हॉर्न वाजवत होता. हात चिखलानं भरलेले, कंबर मोडलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो जाऊबाई, एका पानाचं काय! एवढ्यानं काय होतंय?"

ती नुसती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिला हसू आवरेना, आणि मलाही. मी जुडी सोडली, पिवळं पान काढलं, पुन्हा बांधली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती पुन्हा उलटसुलट करून बघितली आणि मगच क्रेटमध्ये ठेवली.